ती ‘चढ’ म्हणाली तरच

इंजिनीअर: मग एकोणीस मिनिटं तू खांबाखाली उभा राहून काय करत होतास, एवढंच मला सांग.

फोरमन: तुझा चहा गार होतोय.

इंजिनीअर: होऊ दे. काल अकरा बावीसला टॅब्लेटवर लाइन बंद दिसत होती. हिरवी. चढायचं परमिटसुद्धा त्यावरच आलं होतं, नंबरासकट. आणि तू चढलास अकरा एक्केचाळीसला.

फोरमन: नवऱ्यावर पाळत ठेवायला कंपनी पगार देते, हे मला ठाऊक नव्हतं.

इंजिनीअर: पाळत नाही, ट्रायल आहे ती. माझी ट्रायल. विजेच्या सहा फीडर लाइनी, पाच गँग, तीन महिने. चार गँगची माणसं परमिट आलं की सात मिनिटांत कामाला लागतात. पाचवी गँग खाली उभी राहून फोनवर गप्पा मारते. आणि त्या पाचव्या गँगचा फोरमन माझ्याच घरात, माझ्यासमोर बसून टोस्ट खातोय.

फोरमन: करपलाय तो.

इंजिनीअर: विषय बदलू नकोस. ऑफिसात लोक तोंडावर फाइल धरून हसतात. शुक्रवारी मोठ्या साहेबांपुढे रिपोर्ट ठेवायचाय. ही सिस्टीम सगळ्या शहराला लावायची की नाही, ते त्यावर ठरणार. आणि माझे आकडे खाली कोण ओढतंय? माझाच नवरा.

फोरमन: काल फोन लागत नव्हता.

इंजिनीअर: कोणाला?

फोरमन: कंट्रोलला.

इंजिनीअर: कंट्रोल ही खोली आहे. खोलीला कोणी फोन करत नाही. कोणाला?

फोरमन: ताईंना. माहीत आहे तुला. दिवसपाळीला त्याच असतात.

इंजिनीअर: पण कशाला? आधी परमिट त्या द्यायच्या, तेव्हा ठीक होतं. आता तारेवर सेन्सर बसलेत. वीज आहे की नाही, हे सेन्सरला त्यांच्याआधी कळतं.

फोरमन: कळत असेल.

इंजिनीअर: असेल नाही, कळतं. मी स्वतः तपासलंय. अकराशे वेळा.

फोरमन: अगं, तुझ्या सेन्सरवर माझा राग नाही. पण त्यांनी ‘चढ’ म्हटल्याशिवाय माझा पाय वर जात नाही. सतरा वर्षांची सवय आहे.

इंजिनीअर: ऐकलंस, काय बोललास ते? अठरा वर्षं संसार करतेय मी तुझ्याशी. माझ्या शब्दावाचून तुझं कधी काही अडलंय? दिवाणखान्याचे पडदेसुद्धा मला न विचारता घेऊन आलास. ते जांभळे!

फोरमन: पडदे वेगळे आणि अकरा हजार व्होल्ट वेगळे.

इंजिनीअर: तेच म्हणतेय मी. अकरा हजार व्होल्टचा विश्वास तिच्यावर, आणि माझ्या वाट्याला पडदे. तेही जांभळे.

फोरमन: मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही गं. कंट्रोल रूम शहराच्या त्या टोकाला. सतरा वर्षांत एकदाही जाणं झालं नाही.

इंजिनीअर: पाहिलं असतंस तर मला इतकं लागलं नसतं.

फोरमन: हे कुठलं गणित?

इंजिनीअर: रेकॉर्डिंग ऐकली मी.

फोरमन: कसली?

इंजिनीअर: तुमच्या दोघांच्या कॉलची. बेचाळीस कॉल. ट्रायलसाठी मला परवानगी आहे, असा बघू नकोस.

फोरमन: सगळे ऐकलेस?

इंजिनीअर: सगळे. ‘ताई, आज गुडघा बोलतोय.’ गुडघा बोलतोय! कधीपासून?

फोरमन: हिवाळ्यापासून.

इंजिनीअर: म्हणजे हिवाळ्यापासून तुझा गुडघा दुखतोय, आणि ते मला कळतं कानाला हेडफोन लावून, समोर दोन माणसं बसलेली असताना. चेहरा कुठं लपवू ते कळेना मला. आणि ती काय म्हणते? ‘आज तू चढायचं नाही. माझं ऐकायचं. दुसऱ्याला चढव.’ तू म्हणतोस, ‘बरं.’ निमूट! मी नुसतं स्वेटर घाल म्हटलं तर तासभर हुज्जत घालतोस.

फोरमन: तुला सांगितलं असतं तर तू फॉर्म भरला असतास.

इंजिनीअर: भरलाच असता!

फोरमन: म्हणूनच. मला खांबावरून काढून स्टोअरच्या खिडकीत बसवलं असतं. गँगमध्ये आधीच दोन माणसं कमी आहेत, फोरमन असून मी चढतो ते काय हौस म्हणून? तू घरीसुद्धा इंजिनीअरच असतेस.

इंजिनीअर: आणि ती?

फोरमन: त्या ऐकतात.

इंजिनीअर: मी ऐकत नाही?

फोरमन: गाडी आली खाली. निघतो.

इंजिनीअर: पळ काढ. गुडघ्याला पट्टा तरी बांध.

फोरमन: बांधलाय.

इंजिनीअर: कोणी सांगितलं बांधायला?

फोरमन: ...येतो मी.

*

कंट्रोलताई: या मॅडम. दार लावून घ्या, बाहेरचा गोंगाट फोनमध्ये शिरतो. ती खुर्ची नको, तिचा पाय लटपटतो. ही घ्या.

इंजिनीअर: कंट्रोलच्या ताई म्हणतात त्या तुम्हीच का?

कंट्रोलताई: मीच. उंच असेन असं वाटलं होतं ना? सगळ्यांना वाटतं. आवाज उंच आहे, मी नाही.

इंजिनीअर: नाही, तसं नाही. वयानं जरा...

कंट्रोलताई: तरुण? तीन वर्षं राहिली निवृत्तीला. आणि आज सर्दी, म्हणजे होता तो आवाजही गेला. चुकीच्या दिवशी आलात. काय बघायचंय?

इंजिनीअर: काम बघायचंय. आज सकाळीच ठरवलं. तास-दोन तास बसेन, मध्ये बोलणार नाही.

कंट्रोलताई: बोला की. तुमचं मशीन आल्यापासून सगळे त्याच्याबद्दलच बोलतात, माझ्याशी कोणी बोलत नाही. ते लावलं त्या दिवशी मोठे साहेब आले होते. त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढले. मी इथंच बसले होते, याच खुर्चीत. मला म्हणाले, ‘बाई, जरा सरका, फोटोत येताय.’

इंजिनीअर: मला हे माहीत नव्हतं.

कंट्रोलताई: जळफळाट झाला हो माझा. खरं सांगते. एवढी वर्षं नोकरी केली, कधी कोणाशी स्पर्धा केली नाही, आणि जळले कोणावर, तर या स्क्रीनच्या काचेवर. थांबा हं.

(फोन वाजतो. पलीकडचं बोलणं खोलीत ऐकू येत नाही.)

कंट्रोलताई: कंट्रोल. ... हो, गेलीय. गिरणीमागचा भाग. ... तासाभरात. ठेवा. ... कंट्रोल. ... हो, तोच भाग. तासाभरात म्हटलं ना. ... कंट्रोल. पंपहाउस? तुमच्याकडची नाही गेलेली, पलीकडची गेलीय. ... मी कशी सांगू, बाहेर जाऊन दिवा बघा. ... कंट्रोल. ... हो. ... हो हो. तासाभरात.

इंजिनीअर: हे सगळे कोण?

कंट्रोलताई: आपलीच ऑफिसं. चौकशीच्या खिडक्या. शिवाय पंपवाले, हॉस्पिटलवाले. ‘कधी येणार?’ दिवसाला दोनशे फोन.

इंजिनीअर: पण हे आता स्क्रीनवर दिसतं. कुठली लाइन गेली, किती वेळ लागेल, सगळं.

कंट्रोलताई: मला दिसतं. आणि मला ते आधीपासूनच ठाऊक असतं. ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्याकडे स्क्रीन कुठंय? राग मानू नका मॅडम. हे आणलं ते नेमकं कशासाठी?

इंजिनीअर: परमिटमध्ये जाणारा वेळ वाचवायला.

कंट्रोलताई: तो कुठं जातो, हे कोणी येऊन बघितलं?

इंजिनीअर: मीटिंग झाली होती. सगळ्या विभागांना बोलावलं होतं.

कंट्रोलताई: माझी शिफ्ट होती. बरं, काल तुमच्या यजमानांना एकोणीस मिनिटं लागली. त्यातली किती माझ्याशी बोलण्यात गेली?

इंजिनीअर: तुम्हीच सांगा.

कंट्रोलताई: दीड. साडेसतरा मिनिटं तो नुसता ताटकळत होता. त्याच्यापुढे पंचवीस जण ‘कधी येणार, कधी येणार’ करत होते.

इंजिनीअर: लाइनमन लोकांसाठी वेगळा नंबर नाही?

कंट्रोलताई: होता. तोही सगळ्यांना पाठ झाला. तुम्ही तर रेकॉर्डिंग ऐकलीत ना? इथं कळतं सगळं. मोजलं नाहीत वाटतं.

इंजिनीअर: मी... मी दुसरंच काहीतरी ऐकत होते.

कंट्रोलताई: ते तुम्ही दारातून मला नखशिखांत न्याहाळत आलात तेव्हाच कळलं. थांबा हं. कंट्रोल. ... हं, बोल. ... तोच आहे, मॅडम. ... नाही रे, तुला नाही म्हटलं.

इंजिनीअर: स्पीकरवर घ्या ना.

कंट्रोलताई: नवरा तुमचा आहे, कॉल माझा आहे. ... हं. खांबाचा नंबर वाच. ... आता उलटा वाच. ... चुकलास. परत. ... परत चुकलास. झोप झाली नाही का? ... मग? ... घरून निघताना? ... कोणाचं चुकलं ते मला नको सांगूस. ... नाही. नाही म्हटलं ना. ... लाइन बंद आहे, मला दिसतंय, तुझ्या त्या टॅब्लेटलाही दिसतंय. लाइन बंद आहे, पण तुझं डोकं जागेवर नाही. गाडीत जाऊन बस दहा मिनिटं. मग फोन कर आणि नंबर उलटा वाचून दाखव. ... हो. बस जा.

इंजिनीअर: काय म्हणाला?

कंट्रोलताई: येईल की रेकॉर्डिंगमध्ये.

इंजिनीअर: ताई, असं नका करू.

कंट्रोलताई: म्हणाला, बायको चिडलीय आणि तिचं बरोबर आहे. एवढंच.

इंजिनीअर: बरोबर आहे? असं म्हणाला? मला नाही म्हणाला कधी.

कंट्रोलताई: चढायच्या आधी माणूस खरं बोलतो. घरात कुठं चढायचं असतं!

इंजिनीअर: म्हणजे माझ्यामुळे तो आता गाडीत बसलाय.

कंट्रोलताई: बसलाय हे बरं झालं. तुमच्या मशीननं त्याला चढवला असता.

इंजिनीअर: हे उलटं वाचायला लावणं... नियमात नाही हे कुठं.

कंट्रोलताई: नाही. एक जण होता. नऊ वर्षं झाली. लाइन बंद होती, परमिट बरोबर होतं, कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती. आवाज मात्र झोपेतला होता. मला कळलं होतं हो ते. पण मागे तीस फोन खोळंबले होते. मी ‘चढ’ म्हटलं. त्यानं शेजारच्या चालू तारेला हात लावला.

इंजिनीअर: गेला?

कंट्रोलताई: वाचला. उजवा हात गेला, कोपरापासून. स्टोअरच्या खिडकीत बसतो. दिसला की माझीच विचारपूस करतो, तब्येत कशी आहे म्हणतो. शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं मला.

इंजिनीअर: तुम्हाला कोणी विचारलं असतं, तर तुम्ही काय मागितलं असतंत?

कंट्रोलताई: ते तीस फोन नकोत. बाकी काही नाही. एवढं कोणी केलं असतं तर त्या काचेला मी रोज माझ्या पदरानं पुसलं असतं. आता एक मी विचारू? तो घरी कसा असतो?

इंजिनीअर: कोण?

कंट्रोलताई: तुमचा. मला त्याचा फक्त वाऱ्यातला आवाज माहीत आहे. ‘काम झालं ताई, सोडा लाइन’ म्हणतो आणि ठेवतो. भीती असते तेवढाच वेळ तो माझ्याकडे असतो. पुढचं मला कळत नाही. हसतो का?

इंजिनीअर: हसतो. जेवताना. स्वतःच्याच विनोदावर, विनोद संपायच्या आधी.

कंट्रोलताई: अस्सं होय? इतक्या वर्षांत कळलं नाही मला कधी. ... नशीबवान आहेस गं.

*

फोरमन: शुक्रवार आहे आज. रिपोर्ट ठेवलास? काय झालं?

इंजिनीअर: बूट तरी काढू देशील?

फोरमन: काढ. पण सांग.

इंजिनीअर: साहेबांना म्हटलं, आपण चुकीची गोष्ट मोजली. वेळ परमिटमध्ये जात नाही, फोनच्या रांगेत जातो. म्हणून चढण्याआधीचा फोन राहू दे. स्क्रीनवर जे दिसतं ते चौकशीच्या खिडक्यांना द्या, पंपवाल्यांना द्या, हॉस्पिटलला द्या, लोकांच्या मोबाइलवर पाठवा. म्हणजे कंट्रोलचा फोन मोकळा होईल. सेन्सर असू देत, पण ताईंच्या जोडीला, त्यांच्या जागी नाही.

फोरमन: मग?

इंजिनीअर: साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘मी वर सगळ्या शहराचं कबूल करून बसलोय, आणि तुम्ही आता हे सांगताय? तुमच्या मिस्टरांच्या सोयीसाठी चाललंय का हे?’

फोरमन: बाप रे. काय म्हणालीस तू?

इंजिनीअर: हो म्हणाले.

फोरमन: हो?

इंजिनीअर: म्हटलं, हो, त्याच्या सोयीसाठी. आणि बाकीच्या चार गँगमधल्या माणसांच्याही. त्यांची सात मिनिटं मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना दाखवत होते. आता त्यांचीच धास्ती वाटते. त्यांना वर जाताना कोणी काही विचारतच नाही.

फोरमन: आणि?

इंजिनीअर: आणि काय, सगळ्या शहराचं बारगळलं. तेच सहा फीडर, माझ्या पद्धतीनं, आणखी तीन महिने. जमलं तर बघू म्हणाले. आणि परिषदेत भाषण करायला मी जाणार होते ना? तिथं आता शेजारच्या केबिनमधला जाणार.

फोरमन: तो? त्याला फीडर म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?

इंजिनीअर: स्लाइड मात्र माझ्याच नेणार आहे. जाताना मला म्हणाला, ‘काही टिप्स असतील तर द्या हं.’ अंगाची लाही लाही झाली माझी.

फोरमन: जळलीस?

इंजिनीअर: खूप. अजून दोन दिवस जळणार आहे. मध्ये बोलू नकोस.

फोरमन: बरं.

इंजिनीअर: काय म्हणालास?

फोरमन: बरं म्हटलं.

इंजिनीअर: हुज्जत नाही घातलीस?

फोरमन: नाही घालत आज. बस तू. मी टाकतो चहा.

*

इंजिनीअर: बाहेर पायरीवर काय बसलायस? आत ये की. तीन महिन्यांचे आकडे आले आज.

फोरमन: सांग ना. इथंच सांग.

इंजिनीअर: कंट्रोलचे फोन दोनशेवरून पन्नासवर आलेत. ऐकतोयस ना? पाचही गँग आता ताईंशी बोलूनच चढतात, आणि तरी नऊ मिनिटांत कामाला लागतात. साहेब सगळीकडे सांगत फिरतायत, कल्पना त्यांचीच होती म्हणून. पुढच्या वर्षी सगळं शहर.

फोरमन: छान झालं.

इंजिनीअर: हे असं सुतकी तोंड करून म्हणतात का कोणी? काय झालंय?

फोरमन: फॉर्म भरला मी.

इंजिनीअर: कसला?

फोरमन: गुडघ्याचा. डॉक्टरांनी लिहून दिलं. उद्यापासून चढायचं नाही. यार्डात नव्या लोकांना शिकवायचं. जमिनीवर उभं राहून.

इंजिनीअर: स्वतःहून भरलास? आणि मला आत्ता सांगतोयस?

फोरमन: तुलाच आधी सांगणार होतो.

इंजिनीअर: पण तिला सांगितलंस.

फोरमन: शेवटचा कॉल होता गं आज. न सांगता कसा ठेवणार?

इंजिनीअर: ... बरं. काय म्हणाल्या?

फोरमन: म्हणाल्या, शहाणपणा केलास. आणि लगेच विचारलं, तुझ्या जागी कोण चढणार? म्हटलं, आमच्यातला बडबड्या. तर म्हणाल्या, दे त्याला फोन.

इंजिनीअर: मग?

फोरमन: मग काय, दिला. घरी कोण कोण असतं, झोप लागते का, चष्मा किती नंबरचा. सगळी चौकशी. आता मागे रांग नसते ना, भरपूर वेळ असतो त्यांना. मी आपला बाजूला उभा, हातात दोर घेऊन. सहा मिनिटं बोलल्या.

इंजिनीअर: मोजलीस तू?

फोरमन: घड्याळ होतं समोर.

इंजिनीअर: हं.

फोरमन: आणि तो मेला काहीतरी बोलला, आणि त्या हसल्या. मोठ्यानं. मला इकडं ऐकू आलं. सतरा वर्षांत माझ्याशी बोलताना कधी हसल्या नाहीत. ... अशी काय बघतेस? बोल की काहीतरी.

इंजिनीअर: सरक जरा. मलाही बसू दे.